पडद्यावरचा आणि परळमधला रक्ताचा कर्करोग

कुडाळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतला आठवीचा मुलगा गणपतीच्या सुटीनंतर वर्गात आला नाही. पाऊसभर त्याला ताप येत-जात होता. आधी मलेरियाची शंका घेतली गेली, मग लेप्टोची. शेवटी रक्ताची नीट तपासणी झाली आणि "तेका टाटाक व्हेल्यानी" एवढे एकच वाक्य गावभर पसरले. आमच्याकडे हे वाक्य हळू आवाजात बोलतात आणि त्यापुढे कोणी काही विचारत नाही.

वर्गातील मुलांनी त्याला पत्रे लिहिली. ती पाठवण्यापूर्वी आम्ही वाचली आणि थबकलो. पत्रे मायेने लिहिलेली होती, पण ती निरोपाची पत्रे होती. आम्ही तुला विसरणार नाही, तू शेवटपर्यंत हसत राहा, असा बहुतेकांचा सूर होता. तेरा वर्षांच्या मुलांनी आपल्या मित्राला जिवंतपणीच श्रद्धांजली वाहिली होती. हे कुठून आले, असे विचारल्यावर उत्तर लगेच मिळाले: "सर, 'आनंद'मध्ये दाखवलंय ना!"

रक्ताच्या कर्करोगाविषयी आपल्या समाजाला जे काही वाटते, त्याचा मोठा भाग पाठ्यपुस्तकातून आलेला नाही, तो चित्रपटांतून आलेला आहे. ज्याच्याकडून मुले शिकतात त्याची पाठपरीक्षा व्हायला हवी, या न्यायाने आम्ही तीन गाजलेले हिंदी चित्रपट आणि अलीकडच्या काळातील एक गाजलेली बातमी तपासायला घेतली. कलाकृती म्हणून त्यांची उंची मोजण्याचा हा प्रयत्न नाही. रोग कोणता, उपचार कोणता, आणि प्रेक्षक घरी काय घेऊन जातो, एवढेच तीन प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारले.

पहिला अर्थातच 'आनंद' (१९७१). हृषीकेश मुखर्जींचा हा चित्रपट मुंबई शहराला आणि राज कपूर यांना अर्पण केलेला आहे. रमेश देव आणि सीमा देव यांच्यामुळे मराठी घरांना तो अधिकच आपला वाटतो. नायकाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा आहे. हे जुने नाव आहे. आज अशा रोगांना लिम्फोमा म्हणतात आणि त्यांची गणना रक्ताच्या कर्करोगांतच होते, कारण बिघडलेली पेशी पांढऱ्या पेशींच्या कुळातली असते. नायकाला फार तर सहा महिने आहेत, हे चित्रपटातील डॉक्टरांचे निदान त्या काळाला धरून आहे. वेगाने वाढणाऱ्या बहुतेक लिम्फोमांवर खात्रीने चालणारी औषधांची जोडणी तेव्हा हाती आलेली नव्हती. तेव्हा मृत्यू दाखवला यात चूक नाही.

आमचा आक्षेप दुसऱ्या प्रश्नावर आहे. डॉक्टरांनी भरलेल्या या चित्रपटात उपचार जवळजवळ नाही. आतड्यात गाठ असलेला माणूस मुंबईभर हिंडतो, गातो, माणसे जोडतो. रक्ताची बाटली, उलट्या, गळणारे केस, पैशाची जुळवाजुळव यांपैकी काही पडद्यावर येत नाही. रोग येतो तो केवळ कथेला मुदत घालण्यासाठी. त्यामुळे प्रेक्षक जे घेऊन जातो ते असे: हा रोग झाला की करण्यासारखे एकच उरते, गोड बोलून जाणे.

'मिली' (१९७५) हाही मुखर्जींचाच. येथे मात्र आक्षेप पहिल्याच प्रश्नावर आहे. नायिकेचा रोग कर्करोग नव्हे, पर्निशस ॲनिमिया आहे. नावाचा अर्थ 'घातक पांडुरोग' असला तरी १९७५ साली तो घातक राहिलेला नव्हता. या रोगात जठरात तयार होणारे एक प्रथिन कमी पडते आणि अन्नातले बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही. मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ साली भरपूर यकृत खायला घालून असे रोगी बरे करून दाखवले. त्या संशोधनाला १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ मध्ये बी-१२ शुद्ध रूपात वेगळे झाले आणि रोग इंजेक्शनच्या आटोक्यात आला. म्हणजे मिलीला स्वित्झर्लंडला नेण्याची गरज नव्हती, तिचे काम तालुक्याच्या दवाखान्यात झाले असते. नावातल्या 'घातक' शब्दावर विसंबून पटकथा उभी राहिली आणि ती कोणी तपासून घेतली नाही. कोणत्याही विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीत अशी चूक दिसली असती तर आपण लाल शाई वापरली असती.

तिसरा 'अंखियों के झरोखों से' (१९७८). सचिन आणि रंजीता यांच्या या चित्रपटातील लिलीला ल्युकेमिया होतो आणि ती जाते. तरुण वयातला ल्युकेमिया तेव्हा बहुधा मारकच ठरे, आणि आजही तो मुलांमधल्या ल्युकेमियापेक्षा चिवट असतो. पण त्याच सुमारास अमेरिकेत मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांच्या गटाने दाखवून दिले होते, की लहान मुलांच्या तीव्र लसिकापेशी ल्युकेमियातून निम्मी मुले कायमची बरी होऊ शकतात. ही बातमी आपल्या गावांपर्यंत पोचली नाही. लिलीची कथा मात्र घरोघर पोचली.

हे चित्रपट पाहून मुलांना रोग कळत नाही, म्हणून तो आधी फळ्यावर मांडावा लागतो. हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्तातील सर्व पेशी जन्मतात: तांबड्या, पांढऱ्या आणि रक्त गोठवणाऱ्या रक्तपट्टिका. ल्युकेमियात एखादी कोवळी पांढरी पेशी बिघडते. ती मोठी होऊन कामाला लागत नाही, नुसती दुणावत राहते. "पांढऱ्या पेशी वाढल्या तर शक्ती वाढायला हवी ना?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर शेतात आहे. तरव्यात तण माजले तर हिरवळ वाढते, भात वाढत नाही. मज्जेतील जागा अशी अडली की तांबड्या पेशी कमी होऊन मूल पांढरे पडते, रक्तपट्टिका घटून हिरड्यांतून रक्त येते किंवा अंगावर काळेनिळे डाग उठतात, आणि कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्याने ताप हटत नाही. हाडे दुखतात. इतक्या गोष्टी एवढ्या एका कारणातून निघतात.

आता पडद्यावर न आलेली गोष्ट. ती आपल्याच परळपासून सुरू होते, म्हणून ती माहीत नसणे अधिक खटकते.

१९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत राहून गरीब गरोदर स्त्रियांना होणाऱ्या पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रक्त पर्निशस ॲनिमियासारखे दिसे, पण रोग तो नव्हता. यीस्टचा अर्क दिल्यावर या बाया सुधारल्या. हे काम १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजेच पुढे ज्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले तो. मिलीच्या रोगाशी साम्य असलेला हा पांडुरोग आपल्याला थेट लिलीच्या रोगाकडे नेतो, तो असा.

अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी त्या गटातील संयुगे ल्युकेमियाच्या मुलांना दिली. रोग उलट भडकला. येथे एखादा गप्प बसला असता. फार्बर यांनी उलटा विचार केला: ज्याने रोगपेशी वाढतात, ते तोडले तर? सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण पेशीला फसवून तिचे काम अडवणारे अमिनोप्टेरिन बनवले. १९४८ साली फार्बर यांनी सोळा मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहा मुलांत सुधारणा दिसली होती. सुधारणा तात्पुरती होती, आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही या रोगात वापरतात.

दुसरे एक औषध तर आपल्या अंगणातले आहे. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन अमेरिकेत १९६३ साली मान्य झाले. ते ल्युकेमियाच्या उपचारात अजून पहिल्या रांगेत आहे. मात्र हे वर्गात सांगताना लगेच पुढचेही सांगावे: टनावारी पानांतून काही ग्रॅम औषध निघते, त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि पाने चावून खाणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालयही या रोगाशी जन्मापासून बांधलेले आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानेच गेल्या. सर दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी उभारला आणि १९३२ साली तेही वारले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांचे पहिले प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. हे आडनाव वेंगुर्ले-कुडाळच्या वाचकाला परके नाही. याच रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीवर अस्थिमज्जारोपण यशस्वी केले. तेव्हा दिल्ली, चेन्नई आणि मुंबई येथील केंद्रांनी १९८०च्या दशकात एकच ठरीव उपचारक्रम राबवायला घेतला होता. त्यापूर्वी आपल्याकडे तीव्र लसिकापेशी ल्युकेमियातून वाचणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांहून कमी होते. या क्रमाने ते चाळीस ते साठ टक्क्यांवर गेले. त्यात नवे औषध एकही नव्हते. जुनीच औषधे होती. कोणते, कधी, किती, हे ठरवून पाळले गेले आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवली गेली. आज चांगल्या केंद्रांत हे प्रमाण त्याहून वर गेले आहे, आणि श्रीमंत देशांत सुमारे नव्वद टक्के मुले वाचतात.

अशा शिस्तीच्या कामावर चित्रपट निघत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण ती का लागते, हे मुलांना गणिताने सांगता येते. निदानाच्या वेळी शरीरात एकावर बारा शून्ये, म्हणजे सुमारे एक लाख कोटी रोगपेशी असतात. औषधांनी हजारातील ९९९ मारल्या, असे धरू. मूल हसू-खेळू लागते, काउंट सुधारतात, सूक्ष्मदर्शकाखाली एकही रोगपेशी दिसत नाही. तरी उरल्या किती? शंभर कोटी. औषधाची प्रत्येक फेरी उरलेल्यांचा ठरावीक अंश मारते, ठरावीक संख्या नव्हे. म्हणून शून्याजवळ पोचायला दोन-तीन वर्षे लागतात. फार्बर यांच्या मुलांचा रोग उलटला तो याच हिशेबाने.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा हिशेब कागदावर राहिला नाही. पहिल्या काही महिन्यांच्या उपचारानंतर तो घरी आला. टोपी घालून का होईना, अंगणात फिरू लागला. भातकापणी तोंडावर होती. वडील म्हणाले, "पोर बरा झाला, आता कशाक परत मुंबई?" यात अडाणीपणा मुळीच नव्हता. मुंबईची खेप म्हणजे गाडीभाडे, बुडालेली मजुरी, मागे राहिलेली धाकटी मुलगी आणि गुरे. बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक त्यांना कोणी आकड्यात सांगितला नव्हता. आम्ही शेणाने सारवलेल्या खळ्यावर तांदळाचे दाणे मांडून तो सांगितला. कापणीला शेजारचे दोन हात मिळाले आणि बापलेक ठरल्या तारखेला गाडीत बसले. उपचार अजून चालू आहे. शेवट काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही. पण तारीख चुकली असती तर काय झाले असते, याचा अंदाज करता येतो.

आता ती बातमी. ४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते नेक्सकार-१९ या देशी पेशी-उपचाराचे लोकार्पण झाले. आयआयटीतील प्रा. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टर यांनी तो घडवला. जून २०२१ मध्ये खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला तो दिला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांत एक जनुक घालतात. त्यामुळे त्या सीडी-१९ ही खूण असलेल्या पेशी ओळखून मारतात. मग त्या वाढवून परत शरीरात सोडतात. काम खरोखर अभिमानाचे आहे. अमेरिकेतील अशा उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात ते होते, हेही थोडे नव्हे.

पण वृत्तपत्रांतील आणि दूरचित्रवाणीवरील सूर होता तो 'कर्करोगावर मात' असा. आमचे तीन प्रश्न येथेही लावून पाहावेत. रोग कोणता? सर्व कर्करोग नव्हेत, सर्व रक्ताचे कर्करोगही नव्हेत. बी-पेशींचे लिम्फोमा आणि ल्युकेमिया, तेही नेहमीच्या उपचारांना न जुमानणारे किंवा उलटलेले. उपचार कोणता? पेशी सोडल्यावर शरीरात दाहाचे वादळ उठू शकते, म्हणून तो सुसज्ज रुग्णालयातच होतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६४ रुग्णांच्या चाचणीत सुमारे ७३ टक्के प्रतिसाद दिसला. सर्व उपाय थकलेल्या रुग्णांत हा मोठा आकडा आहे. पण प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. रोग पुन्हा डोके वर काढेपर्यंतचा मध्यक काळ महिन्यांत मोजावा लागतो. आणि दहावा हिस्सा झाला तरी किंमत काही दशलक्ष रुपये आहे. 'स्वस्त' हे विशेषण कोणाच्या खिशाशी तोलून वापरायचे, हा प्रश्न मथळा लिहिणाऱ्याला पडला नसावा.

घरी काय घेऊन जायचे, या तिसऱ्या प्रश्नावर तर बातमी आणि चित्रपट एकत्र येतात. एकाने सांगितले की काही करता येत नाही. दुसरीने सांगितले की आता चमत्कार झाला. दोघांनीही मधली वाट गाळली. लवकर निदान, ठरीव उपचार, चुकवायच्या नाहीत अशा तारखा, वेळेवर मिळणारे रक्त, राहायला जागा अशी ती वाट आहे. पहिल्या उपचारातच जी मुले वाचू शकतात, त्यांना नव्या पेशी-उपचाराची पाळीच येऊ नये, हे खरे ध्येय आहे. मथळ्यात ते मावत नाही.

उलट बाजूने आमच्याशी कोणी वाद घालील, की चित्रपट ही आरोग्यपत्रिका नव्हे. 'आनंद' पाहून हजारोंनी मरणाची भीती थोडी कमी केली असेल. हे आम्ही नाकारत नाही. मरणाऱ्याशी कसे वागावे, हे तो चांगले शिकवतो. आमचे म्हणणे इतकेच, की आजारी मुलाला मरणारा समजून वागणे हा त्या शिकवणीचा गैरवापर आहे, आणि तो थांबवणे हे शिक्षकाचे काम आहे.

म्हणून काही सूचना. दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा ताप, अकारण पांढरेपणा, अंगावर डाग, हिरड्यांतून रक्त, हाडदुखी, मानेत वा काखेत गाठी, असे काही विद्यार्थ्यात दिसले तर पालकांना रक्ताची पूर्ण गणती आणि काचपट्टीवरील तपासणी करून घ्यायला सांगावे. आपल्या भागात लेप्टो आणि माकडताप आहेतच, त्यामुळे शंका तिकडे जाणे साहजिक आहे. पण ताप हटत नसेल तर तेथेच थांबू नये. निदानापूर्वी अंदाजाने स्टेरॉइड घेतल्यास ल्युकेमियाची लक्षणे काही काळ झाकली जातात, हेही सांगावे. रोग संसर्गजन्य नाही. मुलाचे बाक वेगळे करू नये. उलट त्याच्या पांढऱ्या पेशी कमी असताना आपल्याच सर्दी-गोवराचा त्याला धोका असतो. परळ म्हणजे बेघर होणे नव्हे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांसाठी २००६ पासून चालणारी सेंट ज्यूड इंडियाची निवासकेंद्रे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि रुग्णालयातील समाजसेवक यांची माहिती शाळेच्या फलकावर असावी. रुग्णालयाच्या बालविभागाने निवारा, आहार आणि समाजसेवक यांची जोड दिल्यावर अर्ध्यात उपचार सोडणारी कुटुंबे लक्षणीय कमी झाली. हा शोध प्रयोगशाळेतला नाही, पण त्याने जीव वाचले आहेत.

त्या पत्रांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. आम्ही ती फाडली नाहीत, मुलांना परत दिली. रोग फळ्यावर समजावून झाल्यावर त्यांनी पुन्हा लिहायला घेतले. नव्या पत्रांत श्रद्धांजली नव्हती. कोणी बीजगणिताचे सुटलेले तास उतरवून पाठवले, कोणी क्रिकेटच्या संघातली त्याची जागा राखून ठेवल्याचे कळवले, आणि एकीने विचारले होते, "तुझा काउंट किती?" त्याचे उत्तर आले. आकडा आम्ही वर्गाच्या फळ्यावर, कोपऱ्यात, तारखेखाली लिहिला. आता दर खेपेनंतर लिहितो.